प्रत्येकाचा विजय वेगळा

विज्ञानकथेवर बेतलेल्या डावपेचांच्या खेळांत बंडखोर फार देखणे असतात. फाटका झगा, जुनी बंदूक, समोर चकचकीत साम्राज्य. पण त्यांना भाकरी कोण देतं, रात्री दार कोण उघडतं आणि त्यांच्यातल्या त्यांच्यात कोण कोणावर दात धरून आहे, हे विचारणारे खेळ फार थोडे. असे खेळ रचणं आणि दुसऱ्यांनी रचलेले पारखणं हा माझा व्यवसाय. मी निर्ण्याकडचा. एका अंगाला बीदर, दुसऱ्या अंगाला गुलबर्गा, म्हणजे बहमनी राज्याच्या दोन्ही राजधान्या. त्यामुळे कुठलाही नवा पट समोर आला की बंदुका बघण्याआधी मी गटतट बघतो.

या बाबतीत पटावरच्या खेळांनी संगणकावरच्या खेळांना मागे टाकलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. 2012 साली अमेरिकेतल्या जीएमटी गेम्सने ‘अँडियन अबिस’ हा कोलंबियातल्या यादवीवरचा खेळ काढला. त्याचे रचनाकार वोल्को रून्के सीआयएमध्ये विश्लेषक होते. त्यातूनच पुढे बंडखोरीवरच्या खेळांची एक मालिका उभी राहिली. या मालिकेतला गनीम म्हणजे लाकडाचा छोटा गोल ठोकळा, एका टोकाला चिन्ह उमटवलेला. चिन्ह खाली असेल तोवर तो भूमिगत. पटावर सगळ्यांना दिसतो, तरी सरकारी फौजेला त्याच्यावर हात टाकता येत नाही. त्याने हल्ला केला किंवा फौजेने झडती घेतली की ठोकळा उलटा करायचा. चिन्ह वर आलं की तो उघडा पडला. एवढ्या एका मनगटाच्या हालचालीत गनिमी लढाईचं सगळं गणित आहे: वार करायचा तर लपण सोडावं लागतं.

त्याच मालिकेतला 2014 चा ‘फायर इन द लेक’ व्हिएतनामवर आहे. त्यात अमेरिका आणि सायगावचं सरकार एकाच बाजूला बसतात, पण त्यांच्या जिंकण्याच्या अटी वेगळ्या. अमेरिकेला जनतेचा पाठिंबा हवा आणि आपली पोरं घरी परत न्यायची आहेत. सायगावला प्रदेशावर ताबा हवा आणि मदतीच्या पैशातून आपल्या माणसांची सोय लावायची आहे. दोन दोस्त खांद्याला खांदा लावून लढतात आणि एकमेकांचा डाव मोडतात. कोणी कोणाशी दगाबाजी केली असं नसतंच. ज्याची त्याची अट ज्याला त्याला वेगळ्या दिशेला ओढत नेते. गटांचं राजकारण पटावर आणायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

विज्ञानकथेत हे आधी साधलं ते 1979 च्या ‘ड्यून’ने. फ्रँक हर्बर्टच्या कादंबरीवरचा हा खेळ बिल एबर्ली, जॅक किट्रेज आणि पीटर ओलोत्का यांनी रचला. वाळवंटी ग्रहावर सहा गट. फ्रेमेन तिथलेच रहिवासी, म्हणून त्यांना फौज उतरवायला पैसे पडत नाहीत. बाकीच्यांनी भरलेलं भाडं वाहतूकदार गिल्डच्या खिशात जातं. शेवटपर्यंत कोणीच जिंकलं नाही तर गिल्ड जिंकते. बेने गेसेरिट या स्त्रियांच्या पंथाने तर कोण, कितव्या फेरीत जिंकणार हे आधी लिहून ठेवायचं, आणि ते खरं ठरलं की विजय त्यांचा. शिवाय प्रत्येकाच्या हातात फितुरांचे पत्ते. ऐन लढाईत समोरच्याचा सरदार आपला निघाला की लढाई तिथेच संपते.

फितुराचा पत्ता उत्तमच आहे. पण बीदरच्या दरबारात याच्या उलटं घडलं होतं, आणि ते अजून कुठल्या खेळात मी पाहिलेलं नाही. महमूद गावान इराणातल्या गिलानहून आलेला, बहमनी राज्याचा वजीर. दरबारात दोन तट: इथे रुजलेले दख्खनी आणि समुद्रापलीकडून आलेले आफाकी. गावान स्वतः आफाकी, तरी त्याने दोन्ही तटांत पदं तोलून वाटली. मग त्याने चार मोठ्या सुभ्यांचे आठ केले आणि सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर थेट सुलतानाची माणसं नेमली. राज्याच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय. पण त्यात प्रत्येक बड्या सरदाराचं थोडं थोडं गेलं. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की विरोधकांनी शिक्का सांभाळणाऱ्याला वश करून कोऱ्या कागदावर वजिराची मोहोर उमटवून घेतली आणि वर ओडिशाच्या राजाला स्वारीचं आमंत्रण लिहिलं. मोहोर माझी, मजकूर माझा नव्हे, असं गावानने सांगितलं. सुलतान तिसऱ्या महंमदशाहाने त्याला 1481 च्या एप्रिलमध्ये ठार करवलं. पुढच्या काही दशकांत त्या एका राज्याच्या पाच शाह्या झाल्या.

पटाच्या भाषेत हे मांडून पाहा. फितूर नसलेल्या माणसाला फितूर ठरवता आलं, कारण सुधारणेचा फायदा सगळ्या राज्याला वाटून जात होता आणि तोटा मोजक्या बलवानांना झोंबत होता. आजच्या बहुतेक अवकाशी खेळांत सुधारणा म्हणजे एक बटण: ते दाबलं की उत्पन्न वाढतं. 1999 च्या ‘अल्फा सेंटॉरी’त सात गट सात विचारसरणींचे आहेत, त्यांची भाषणंही ऐकण्यासारखी आहेत, पण गटाच्या पोटातल्या गटांना तिथेही जागा नाही.

गनिमी लढाईचं भूगोलाशी असलेलं नातं आपल्याकडे शिकवावं लागत नाही. मलिक अंबरने 1624 साली भातवडीला तलावाचं पाणी सोडून मोगल आणि आदिलशाही फौजांची वाट चिखलात घातली. पुढे शिवरायांनी या पद्धतीला राज्य उभारण्याचं साधन केलं. ते वाचकांना पाठ आहे. मला त्याहून जास्त शिकवलं ते 1947-48 च्या हैदराबादने.

तिथे किती बाजू होत्या ते बघा. निजामाच्या सरकारला वेळ काढायचा होता. 29 नोव्हेंबर 1947 चा ‘जैसे थे’ करार त्यासाठीच. कासिम रझवीचे रझाकार त्याच बाजूचे, पण त्यांच्या प्रत्येक अत्याचाराने निजामाची वेळ काढण्याची मुभा आटत गेली. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसला विलीनीकरण हवं होतं, आणि तिच्यातही मवाळ आणि लढाऊ असे गट होते. तेलंगणातल्या कम्युनिस्टांना जमीन कसणाऱ्याच्या हाती द्यायची होती, म्हणून 17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला तरी त्यांचा लढा 1951 पर्यंत चालला. त्यांची अट मुळात वेगळीच होती. एका राज्यात इतके विजय एकमेकांवर आपटत होते.

स्टेट काँग्रेसच्या बंडाची खरी रसद सरहद्दीवरच्या केंद्रांत होती. सोलापूर, नगर, बुलडाणा, यवतमाळ अशा शेजारच्या जिल्ह्यांत कार्यकर्त्यांचे कॅम्प. तिथून रात्री हद्द ओलांडायची, करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं, नाकं गाठायचं आणि उजाडायच्या आत परत. जानेवारी 1948 मध्ये नांदेडकडच्या उमरीची बँक लुटली ती कॅम्पांना पैसा हवा म्हणून, आणि त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला. खजिना, हद्द, वेळ आणि गावाचा होकार या चार गोष्टींवर सगळं चालत होतं. याच्या थोडं जवळ येणाऱ्या 2016 च्या ‘एक्सकॉम 2’ या संगणकावरच्या खेळामध्ये परग्रहवासीयांच्या राज्यात लढणारे बंडखोर आहेत, मोहिमेच्या सुरुवातीला लपून राहता येतं, प्रांताप्रांतांत संपर्क जोडला की दरमहा रसद येते. पुढच्या वर्षीच्या विस्तारात बंडखोरांचे तीन गट आले, एकमेकांवर अविश्वास असलेले. पण एकदा हात मिळवले की ते कधी सोडून जात नाहीत. ही मला मोठी उणीव वाटते. बंडखोरांची सर्वांत कठीण लढाई आपल्याच आघाडीत चालते. ‘स्टारक्राफ्ट’ने 1998 मध्ये निदान एवढं दाखवलं की बंडाचा पुढारी मेंग्स्क जिंकल्यावर स्वतःच सम्राट होतो.

मग थेट हैदराबादवरच खेळ का रचू नये? मला अनेकदा विचारतात. बीदर जिल्ह्यातल्या गोरट्यात मे 1948 मध्ये रझाकारांनी कत्तल केली. निजामाला शरण आणणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर सूड उगवला गेला. त्याची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, नांदेडबरोबर बीदरचंही नाव घेतलं. त्या माणसांची नातवंडं आजही एकाच बाजारात भाजी घेतात. त्यांच्या आजोबांचे ठोकळे करून मी पटावर मांडणार नाही. विज्ञानकथेचा खरा उपयोग मला इथे दिसतो. मंगळावर कोणाचे आजोबा नाहीत. जुलमी बाजूला बसलेला खेळाडू तिथे मोकळेपणाने विचार करतो, आणि जुलूम कुठल्या सोयीसुविधांतून उभा राहतो हे त्याला आतून कळतं. रून्केंच्याच मालिकेत 2024 साली आलेला जॅरॉड कार्मायकल यांचा ‘रेड डस्ट रेबेलियन’ मंगळावरच घडतो: सरकार, कंपन्या, बंडखोर आणि एक धर्मपंथ, चौघांच्या चार अटी. तो खेळताना मला बीदरच्या पठारावरची तांबडी जांभ्याची जमीन ओळखीची वाटली.

सध्या मी जो पट आखतो आहे त्यात एक कोरडा ग्रह आहे, आणि पाणी बीदरजवळच्या नौबादच्या कारेझसारखं भुयारातून वाहतं. भुयाराचा नकाशा ज्याच्याकडे, गाव त्याचं. वजिराचा एक गट आहे. त्याने सुधारणा केली की सगळ्यांचा थोडा थोडा राग साठतो. आणि कोऱ्या कागदावरच्या मोहोरेचा एक पत्ता आहे.

यासाठी मला सेनापतींच्या चरित्रांपेक्षा साधे कागद जास्त उपयोगी पडतात: कॅम्पाच्या हिशेबाच्या वह्या, चिठ्ठ्या, कुठल्या गावाने किती भाकरी दिल्या आणि कुठल्या गावाने दार लावून घेतलं याची टिपणं. हुमनाबाद, भालकी, उदगीर, निलंग्याकडच्या ज्या घरांत असं काही ट्रंकेत पडून असेल, त्यांनी ते रद्दीत घालू नये. फोटो काढून जवळच्या वाचनालयात एक प्रत ठेवावी. आणि जी मुलं आज संगणकावर अवकाशातली बंडं रचायला बसली आहेत, त्यांनी पहिल्या पानावर प्रत्येक गटाची जिंकण्याची अट लिहावी. बंदुकांची चित्रं नंतर काढावीत.