खाऱ्या पाण्याची टाकी

माउली, पुण्यासारख्या ठिकाणी घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडायची म्हणजे पाण्यात मीठ कालवले की झाले, असे पुष्कळांना वाटते. स्वयंपाकघरातले मीठ इथे चालत नाही. समुद्रात कॅल्शियम, मॅग्नेशियम असे इतरही क्षार असतात. त्यांचे तयार मिश्रण आरओच्या पाण्यात, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने विरघळवायचे.

नातवाला केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश त्याच दिवशी हवा होता. दुकानदारही पिशवी बांधायला तयार. मी नको म्हटले. माशाच्या विष्ठेतून, उरल्या अन्नातून अमोनिया होतो, अन् तो माशाला विषच. त्याचे नायट्राइट, मग नायट्रेट करणारे सूक्ष्म जीव आधी दगडांवर, वाळूत वस्तीला यावे लागतात. त्याला चार-सहा आठवडे लागतात. तोवर त्या जिवांसाठी चिमूटभर खाद्य टाकायचे, नळीत थेंब घालून पाण्याचा रंग पाहायचा. येणारा-जाणारा विचारी, “मासे कुठायत?” पोर पाच दिवस रुसले. मग आपणच वहीत आकडे लिहू लागले.

अमोनिया अन् नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावर दोनच मासे आणले, तेही पैदास केलेले, समुद्रातून धरलेले नव्हेत.

पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची. ते काम आता नातवाकडे. देवघरातला तांब्याचा तांब्या मात्र घेऊ देत नाही, कारण तांब्याचा अंशही टाकीतल्या शंखांना, कोळंबीला मारक. तो प्लास्टिकचा मग घेतो.