'प्लेट आणा' म्हटलं की पिकलेट!

मुलं न्यूझीलंडला स्थायिक झाली आहेत आणि तुम्ही पहिल्यांदाच त्यांच्याकडे क्राइस्टचर्चला निघाला आहात? मग एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. नातवाच्या शाळेत किंवा शेजाऱ्यांकडे सगळे जमणार असतील, तर निरोपात लिहिलेलं असतं, 'ब्रिंग अ प्लेट'. नवखी माणसं खरोखरच रिकामी प्लेट घेऊन गेल्याचे किस्से तिथे अजूनही हसत हसत सांगितले जातात. अर्थ एवढाच की घरी काहीतरी बनवून प्लेटभर आणा.

आणि घाईच्या वेळी तिथल्या घराघरांत ही प्लेट भरते ती पिकलेटने.

पिकलेट म्हणजे काय?

तळहातापेक्षा लहान, जाडसर, मऊ, किंचित गोड पॅनकेक. तव्यावर चमच्याने घालायचे, आपल्या छोट्या उत्तप्प्यासारखे. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात सकाळी दहाच्या सुमारास 'मॉर्निंग टी' होतो, त्यात लोणी, जॅम आणि फेटलेलं क्रीम लावून ते खातात. हे नाव मूळ वेल्श भाषेतलं. इंग्लंडच्या काही भागांत मात्र पिकलेट म्हटलं की यीस्ट घालून केलेला, जाळीदार पदार्थ समोर येतो. तेव्हा गोंधळू नका.

क्राइस्टचर्चचा डबा

दुकानात बेकिंग पावडर घ्यायला गेलात, तर उगवत्या सूर्याचं चित्र असलेला एडमंड्सचा डबा दिसेल. थॉमस एडमंड्स या किराणा दुकानदाराने 1879मध्ये याच शहरात ही पावडर बनवायला सुरुवात केली. 1908मध्ये कंपनीने पाककृतींचं छोटं पुस्तक काढलं. पुढे ते तिथल्या घराघरांत पोहोचलं. फेरी रोडवरचा जुना कारखाना 1990मध्ये पाडला गेला, पण तिथली बाग आहे. नातवंडांना घेऊन जरूर जा.

असे बनवा

साहित्य : 1 कप मैदा, चहाचा 1 चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, 1 अंडं, पाव कप साखर, पाऊण कप दूध, तव्याला लावायला लोणी.

कृती : अंडं आणि साखर चांगली फेटा. त्यात दूध घाला. मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ चाळून मिसळा. जास्त घोटू नका, नाहीतर पिकलेट चिवट होतात. मिश्रण भज्यांच्या पिठापेक्षा थोडं सैल हवं. मध्यम आचेवर तवा तापवून लोण्याचा हात फिरवा आणि चमच्या-चमच्याने मिश्रण घाला. वर बुडबुडे येऊन फुटू लागले की उलटा. दुसरी बाजू मिनिटभरात होते. तयार पिकलेट स्वच्छ कापडात गुंडाळून ठेवा, मऊ राहतात. दीड-दोन डझन होतील.

घरात कुणी अंडं खात नसेल, तर त्याऐवजी 2 मोठे चमचे दही घाला. थोडे कमी फुगतील, पण चव छान लागते.

लक्षात ठेवा

सामान तिथेच घ्या. भारतातून नेलेला खाण्याचा प्रत्येक पदार्थ विमानतळावर जाहीर करावा लागतो. राहून गेलं, तर जागेवर 400 डॉलर दंड होतो. मध तर अजिबात नेऊ नका.

मुलांकडे न राहता फिरायला गेला असाल तरी हरकत नाही. तिथल्या बऱ्याच मोटेलच्या खोल्यांत छोटं स्वयंपाकघर असतं. सकाळी बाहेर नाश्ता करण्यापेक्षा कुटुंबाचं पोट स्वस्तात भरतं.

परदेशात गेलेल्या आईबाबांचा दिवस फार मोठा असतो. मुलं कामावर, नातवंडं शाळेत, रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही आणि इंग्रजी बोलायचा संकोच. अशा वेळी कुणाकडे जायला निमित्त लागतं. पिकलेटची प्लेट हे सोपं निमित्त आहे. ती टेबलावर ठेवली की कुणीतरी विचारतंच, 'तुम्ही बनवलेत?' पुढचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीतही जमतं. पुढच्या वेळी त्याच प्लेटमध्ये तुमच्या हातच्या शंकरपाळ्या न्या.

तेव्हा निघण्याआधी घरच्या तव्यावर एकदा करून पाहाच. पहिला घाणा बिघडला तरी चालेल, तो खायला मुलं तयारच असतात!