लाल बल्ब आणि पांढरं लुगडं

फोटो धुवायच्या खोलीत लाल दिवा असतो, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. सिनेमात बघितलेलं असतं. पण का असतो, हे विचारलं की माणसं गप्प होतात. 'पहिल्यापासून लावतात' म्हणतात. दोस्तांनो, पहिल्यापासून चालत आलंय म्हणून खरं मानू नका, असं बुद्धानं कालामांना सांगितलं. मग बल्बला तरी वेगळा न्याय का?

कसबे तडवळ्याला 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला महार-मांग वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब आले. धाराशिव जिल्ह्यातली पोरं हे अभिमानानं सांगतात. पण त्या गर्दीत बसलेल्या आपल्या आज्या-पणज्यांची तोंडं कुठं आहेत? आमच्या वस्तीत तरी एकीचाही फोटो नाही.

म्हणून एका मामांच्या ट्रंकेत निगेटिव्ह निघाल्या तेव्हा आम्ही हरखलो. क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या. चौकोनी, एका रोलात बारा. नामांतराच्या काळातल्या. विधिमंडळाचा ठराव 27 जुलै 1978 चा, आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं 14 जानेवारी 1994 ला. मधली साडेपंधरा वर्षं. मराठवाड्यात घरं जाळली, माणसं मारली, माणसं तुरुंगात गेली. आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो. निगेटिव्ह उजेडाकडं धरली तर मोर्चा दिसला. पुढं बाया. लुगडी काळीकुट्ट आणि उन्हात रापलेली तोंडं फिकी. सगळं उलटं. कागदावर उतरल्याशिवाय ते सरळ होत नाही.

मोबाईलवर काढून घेतल्यात, तेही करावंच. पण मोबाईल बिघडतो, हरवतो. नीट धुतलेला ब्रोमाइड विहाराच्या भिंतीवर पिढ्यानपिढ्या राहतो. निगेटिव्ह मोठी असल्यानं मोठी करायचं यंत्रही लागत नाही. कागदावर निगेटिव्ह ठेवायची, वर काच दाबायची, क्षणभर पांढरा बल्ब लावायचा. बाकी सगळं काम लाल उजेडात.

कारण साधं आहे. ब्रोमाइडवर चांदीच्या क्षाराचा थर असतो. त्याला निळा उजेड कळतो, मल्टीग्रेड कागदाला हिरवाही कळतो. लाल कळत नाही. आपल्याला दिसतं, कागदाला तोच अंधार. आमच्यातला एकजण म्हणाला, "लाल कशापायी? निळा लावा की, आपलाच रंग हाय." दुसरा म्हणाला, "1974 ला पँथर लाल का निळा करत फुटली, आता बल्बापायी आपण फुटायचं व्हय?" सगळे हसले. मी म्हणालो, "गड्या, निळ्यानंच तर कागद जागा हुतो. त्यो चित्र उठवायला ठिवायचा, राखणीला लाल."

पण दिसायला लाल म्हणजे कागदाला लाल, असं नाही. बाजारातला रंग दिलेला शून्याचा बल्ब घ्या. नाव शून्य, खातो बारा-पंधरा वॉट. रंगाचा पोपडा उडाला की तिथून पांढरा उजेड गळतो. बल्बला लाल जिलेटिन कागद गुंडाळला तर तो दिवसागणिक फिका पडतो. काही लाल एलईडीत आत पांढराच दिवा असतो, वरून लाल प्लास्टिक. जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूत बल्बचं प्रतिबिंब बघा. लालच पट्टा दिसला तर ठीक. हिरवा-निळा डोकावला तर तो बल्ब देव्हाऱ्याला द्या, आपल्या कामाचा नाही.

मग नाण्याची परीक्षा. पुऱ्या अंधारात कागदाला पांढऱ्या बल्बचा निसटता उजेड द्या, धुतल्यावर फिकट राखाडी होईल इतकाच. मग लाल दिवा लावून कागदावर रुपया ठेवा. दिवा चार फूट लांब, तोंड भिंतीकडं. आपल्याला काम करायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ थांबा. धुवा. रुपयाचा गोल उमटला तर दिवा बेइमान आहे. आधीचा निसटता उजेड का द्यायचा? कोरा कागद थोडा उजेड पचवतो, दाखवत नाही. एकदा उजेडाचा मार बसलेला कागद मात्र पुढचा थेंबही सोसत नाही. आपला फोटो असाच मार बसलेला असतो. नुसत्या कोऱ्या कागदावर दिवा पास झाला म्हणून भुलू नका.

एवढी काटेकोरी एका फोटोसाठी? होय. उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना बंद पडला, 'इंदू' कागद संपला. आता कागद परदेशी आणि महाग. गिरणीच्या पगारात पाकीट बसवताना जीव मेटाकुटीला येतो. पण खरं कारण पैशाचं नाही. खोटा लाल उजेड फोटोतल्या काळ्याचं काही बिघडवत नाही. तो आधी पांढरं खातो. त्या बायांची लुगडी मळकट राखाडी होतील. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लोक पांढरे कपडे घालून दीक्षेला उभे राहिले. तेव्हापासून ते पांढरं आपल्या बायांनी राबून, हातानं धुऊन, नीळ घालून जपलंय. मोर्चाला निघताना घातलंय. आम्ही फोटो धुताना ते मळवायचं नाही.

तुमच्या गावात अशा ट्रंका असतील. उघडा. धुतलेल्या निगेटिव्हला उजेडाचं भय नाही, ओल आणि बोटांचे ठसे यांचं आहे. कडेला धरा. न धुतलेला रोल सापडला तर मात्र लाल दिवासुद्धा नको, पुरा काळोख लागतो. आणि फोटोतल्या म्हाताऱ्या हयात आहेत तोवर त्यांच्याकडं जा, प्रत्येकीचं नाव विचारून मागं पेन्सिलीनं लिहा.

जयभीम.