अंगणांतला बाजार

घरांतील अडगळ ही खासगी बाब आहे, असें आपल्याकडे मानतात. मोडींत घालावयाचीं भांडीं तिन्हीसांजेला पिशवींत झांकून नेणारे गृहस्थ मीं पाहिले आहेत. बोहारणीशीं घासाघीस करावयाची तीदेखील अर्धें दार लोटून. म्हणून अमेरिकेंतील माणसें आपली अडगळ उजळ माथ्यानें अंगणांत मांडतात, तिच्यावर किमतीच्या चिठ्ठ्या लावतात आणि वाटसरूंना बोलावतात, हें प्रथम पाहिलें तेव्हां मला कसेंसेंच झालें.

या प्रकाराची पराकाष्ठा म्हणजे १२७ क्रमांकाच्या हमरस्त्यावरील बाजार. मिशिगनमधील ॲडिसनपासून अलाबामांतील गॅड्सडेनपर्यंत ६९० मैल, म्हणजे सुमारें १,११० किलोमीटर, सहा राज्यांतून तो पसरतो. ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारीं सुरू होतो आणि रविवारीं उठतो. १९८७ सालीं टेनेसींतील फेंट्रेस काउंटीचे तत्कालीन प्रशासक माइक वॉकर यांनीं तो सुरू केला. मोठे महामार्ग झाल्यापासून प्रवासी लहान गांवांना टाळून जाऊं लागले होते. त्यांना जुन्या वाटेवर आणावयाचें तर वाटेंत कांहीं तरी मांडलें पाहिजे, एवढा साधा हिशेब. ज्या गांवाला दाखवावयास देऊळ नाहीं कीं किल्ला नाहीं, त्यानें आपल्या जुन्या खुर्च्या मांडल्या. आणि यात्रा भरली!

माझा धाकटा भाऊ केंटकींत या रस्त्यालगतच्या एका लहान गांवीं राहतो. गेल्या वर्षीं रजा काढून मी त्याच्याकडे गेलों, तेव्हां त्याच्या आळींतील बारा घरांनीं मिळून बाजार मांडण्याचें ठरविलें होतें. अडगळ मांडण्याला व्यवस्था ती काय लागणार, असें मला वाटलें होतें. परंतु मोटारी रस्त्याच्या कडेला थांबल्या तर अपघात व्हावयाचे, म्हणून एका शेतकऱ्याचें गवत कापलेलें रान मागून घ्यावें लागलें. फिरते संडास भाड्यानें आले. कोणाच्या अंगणांत काय मिळेल याचा नकाशा निघाला. खरा वाद झाला तो 'पुराणवस्तु' या शब्दावर. एका बाईंनीं पाव भाजण्याच्या चाळीस वर्षांपूर्वींच्या यंत्राला तो लावला. आमच्याकडे १९७२ च्या कायद्याप्रमाणें पुराणवस्तूला निदान शंभर वर्षें भरावीं लागतात, हस्तलिखिताला पंचाहत्तर, असें मीं सांगितलें. सर्वांनीं तें आदरानें ऐकलें आणि फलकावरचा शब्द तसाच ठेवला. चिठ्ठ्या लिहिण्याचें काम मात्र माझ्याकडे आलें. प्राध्यापकाचें अक्षर चांगलें असतें, हा त्यांचा समज माझ्या विद्यार्थ्यांनीं तत्काळ दूर केला असता.

बुधवारीं रात्रीं लिहितां लिहितां एक पितळी डबा हातीं आला. झांकणावर ठिपक्याठिपक्यांनीं घातलेलें नांव आमच्या आईचें. भाऊ परदेशीं निघाला तेव्हां तिनें त्यांत लाडू भरून दिले होते.

"दादा, त्यावर पंधरा डॉलर लिहा," भावजय म्हणाली.

मीं भावाकडे पाहिलें. तो म्हणाला, "आईनें स्वतः किती भांडीं मोडींत घातलीं! तिला कधीं वाईट वाटलेलें आठवतें का तुला?"

तें खरें होतें. आई भांड्यांवर नांव घाली तें लग्नकार्यांत आळीभर फिरून तीं परत यावींत म्हणून. जपून ठेवावींत म्हणून नव्हे. शिवाय डबा त्याचा. मीं चिठ्ठी लिहिली. पण मनांत निराळेंच होतें. पुण्याचा आमचा वाडा आतां पडावयाचा आहे, आणि त्याआधीं माळा रिकामा झाला पाहिजे. पत्रांतून याचें उत्तर एकच येई : "तुम्हांला वाटेल तें करा." तेवढें समक्ष विचारावें म्हणून मी इतक्या दूर गेलों होतों, आणि तीन आठवडे झाले तरी विषय काढवत नव्हता.

गुरुवारीं उजाडण्यापूर्वींच व्यापारी हातांत विजेऱ्या घेऊन आले. शेजारच्या वृद्ध बाई नवऱ्याच्या मागें घर सोडून मुलीकडे चालल्या होत्या. त्या कांहीं चिठ्ठ्या लावूं देईनात. ज्याला वस्तु हवी त्यानें आधीं खुर्चीवर बसावें, ती कोठें जाणार तें सांगावें, मग किंमत. समितीला हें गैरसोयीचें वाटलें. मला सबंध बाजारांत तेंच दुकान पटलें. बाईंनीं नवऱ्याचीं सुतारकामाचीं हत्यारें एका पोराला जवळजवळ फुकट दिलीं, आणि दुप्पट पैसे देऊं करणाऱ्या व्यापाऱ्याला घड्याळ दिलें नाहीं.

दुपारीं एका तरुण शेतकऱ्यानें डबा उचलला. बियाणें ठेवण्यास त्याला तो हवा होता. हे ठिपके कशाचे, असें त्यानें विचारलें. भावानें आईचें नांव मोठ्यानें वाचलें. तरुणानें तें म्हणून पाहिलें; चुकलें. भावानें पुन्हां सांगितलें. तिसऱ्या खेपेस जमलें. पंधराचे बारा झाले.

तो गेल्यावर दहाची एक आणि एकेकाच्या दोन नोटा भाऊ पुन्हां पुन्हां मोजीत राहिला. मग म्हणाला, "दादा, माळ्यावर तिचें आणखी काय काय आहे?"

उरलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या मीं पुढें ओढल्या आणि लिहूं लागलों : घंगाळ, एक. पराती, दोन. तांब्याचा हंडा, पोचा आलेला.

"तो पोचा मीं पाडलेला," भाऊ म्हणाला. "तेंही लिही."