खोट

मराठीच्या प्राध्यापकाला पदार्थविज्ञान समजावून सांगणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असे माझे स्वतःबद्दलचे प्रामाणिक मत आहे. लोहचुंबकाला टाचण्या चिकटतात, एवढे कळल्यावर माझा त्या शास्त्राशी असलेला संबंध संपला. त्यामुळे गेल्या दिवाळीत माझी भाची फराळाची बशी हातात घेऊन आपल्या संशोधनाविषयी बोलू लागली, तेव्हा मी तोंडात चकली ठेवून मान डोलवण्याचे सोयीस्कर धोरण स्वीकारले.

“मामा, नुसती मान हलवू नकोस. ऐक!” ती म्हणाली. अगदी ताईचाच आवाज! मला ऐकणे भाग पडले.

काही पदार्थ अतिशय थंड केले की त्यांतून वीज कोणत्याही अडथळ्यावाचून वाहू लागते. १९११ साली हॉलंडमधल्या लायडेन येथे कामरलिंग ओनेस यांनी पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड करून हा चमत्कार प्रथम पाहिला. अशा पदार्थांना अतिसंवाहक म्हणतात. चुंबकत्वामुळे लोखंडाचे आणि अतिसंवाहकतेचे हाडवैर आहे, असे पुढे कित्येक वर्षे मानले जाई. पण २००८ साली जपानमध्ये हिदेओ होसोनो यांच्या गटाला लोखंड आणि आर्सेनिक असलेले एक संयुग उणे २४७ अंशांनाच अतिसंवाहक झालेले आढळले. माझी भाची ज्यावर रात्री जागवते, ते याच कुळातले स्फटिक.

“आता मजा ऐक. अशा स्फटिकात चुंबकत्व शिरते ते बारीक बारीक धाग्यांनी. प्रत्येक धाग्याभोवती विजेचा एक भोवरा गरगरत असतो. आब्रिकोसोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १९५७ साली हे गणिताने मांडले. त्याला नोबेल मिळाले २००३ साली.”

आमच्या कॉलेजातल्या बढतीच्या फायली बऱ्याच वेगाने हलतात, असे मला प्रथमच वाटले.

“हे भोवरे जागच्या जागी राहिले तर सगळे ठीक. पण मोठा प्रवाह सोडला की तो त्यांना ढकलतो. भोवरे सरकू लागले की उष्णता निर्माण होते, आणि सारा फायदा बुडतो.”

“मग त्यांना जागेवर धरून कोण ठेवते?”

“खोट!” ती म्हणाली. “स्फटिक अगदी निर्दोष असला, तर भोवऱ्याला टेकायला जागाच नसते. पण कुठे एखादा अणू गहाळ असतो, कुठे परका अणू घुसलेला असतो. भोवरा नेमका तिथे अडकतो. म्हणून वेगवान कणांचा मारा करून आम्ही मुद्दाम अशा खोटी पाडतो. फार पाडल्या तर पदार्थच बिघडतो, हे मात्र खरे.”

माझी चकली तोंडातच राहिली. मुलांच्या लिखाणातल्या खोटी वेचून काढण्यात मी वीस-बावीस वर्षे घालवली, आणि ही मुलगी त्या पाडण्यासाठी रात्र रात्र जागते!

“आणि एकदा अडकलेला भोवरा कायमचा अडकला?”

“छे! स्फटिक कितीही थंड केला तरी थोडी धग उरतेच. तिच्या हिसक्याने एखादा भोवरा सुटतो, पुढच्या खोटीत अडकतो. बाहेरचे चुंबक काढून घेतले तरी आत मागे राहिलेले चुंबकत्व असे हळूहळू ओसरते. ते मी मोजत बसते. साधारणपणे पहिल्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत जेवढे ओसरते, तेवढेच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत, आणि पुन्हा तेवढेच शंभराव्यापासून हजाराव्यापर्यंत.”

“म्हणजे आधी भराभर, आणि मग रेंगाळत?”

“हो,” ती म्हणाली, आणि गप्प झाली. मीही गप्प झालो.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. ताईला जाऊन तीन वर्षे झाली होती. पहिल्या वर्षी त्या दिवशी मला घास गिळवला नव्हता. या खेपेला मात्र भाऊबीज उद्यावर आली हे मला कॅलेंडर पाहून कळले होते, आणि त्याची मनातून लाज वाटत होती. भाचीचा नियम ऐकून थोडा धीर आला.

त्या धीरावरच मी तिला पंचवीस वर्षे कोणाला न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. मी एम. ए. करीत होतो. ताई लग्न होऊन लांब गेलेली. दिवाळीला तिचे पत्र आले, ‘भाउ, तुझी फार आठवन येते.’ व्याकरण नवे नवे अंगात भिनलेले! मी लाल शाईने ‘भाऊ’ केले, ‘आठवण’ केले, पुढच्याही सगळ्या चुका सुधारल्या आणि गंमत म्हणून पत्र तिला परत पाठवले. त्यानंतर तिने मला कधी पत्र लिहिले नाही. रागावली नव्हती, बूथवरून फोन करी आणि हसून म्हणे, “फोनवर वेलांट्या दिसत नाहीत ना रे!” पण पत्र नाही ते नाहीच. तिच्या आधीच्या पत्रांतले काही आज मला आठवत नाही. पाठ आहे ती तेवढी एक अशुद्ध ओळ.

“ते पत्र माझ्याकडे आहे,” भाची म्हणाली. “आईच्या पेटीत होते. लग्नातल्या शालूच्या घडीत.”

“ते कशाला जपले तिने?”

“तुझे अक्षर होते ना त्याच्यावर!”

मी उठून उगीचच गॅलरीतला आकाशकंदील नीट केला.

सुट्टीनंतर पेपर तपासताना एका मुलीच्या निबंधात ‘आठवन’ भेटली. चूक ती चूकच. मी गोल काढला आणि शेजारी ‘आठवण’ असे लिहिले. गुण मात्र कापला नाही. लाल पेन खाली ठेवून मी थोडा वेळ त्या शब्दाकडे पाहत बसलो.