मैनेचा कावा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस आधी भोवरे बघतो, मग दात, मग चाल. दत्तजयंतीला तापीकाठी ही यात्रा भरते, आणि एकमुखी दत्ताच्या दर्शनाइतकीच गर्दी घोडेबाजारात असते. आबांनी मैनेचे भोवरे पाहिले, दात पाहिले. चाल बघावी तर ती सरळ चालेचना. कुमैत रंग, कपाळावर पांढरी टिकली, टोकाला टोक भिडणारे मारवाडी कान. “मालक, पाणीदार आहे,” व्यापारी म्हणाला. सौदा तिथेच झाला.

घरी आल्यावर ते पाणी सगळ्यांच्या नाकातोंडात गेलं. केळीच्या पानांची सळसळ, मोटारसायकलचा हॉर्न, दोरीवर फडफडणारं लुगडं, तिला काहीही पुरे. मान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्यांतलं पांढरं दिसू लागलं की गडीमाणसं भिंतीला चिकटत. आबा चाबकाची भाषा बोलू लागले, तेव्हा आईनेच पलीकडच्या गावातल्या एका म्हाताऱ्या चाबूकस्वाराला बोलावणं धाडलं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

उस्तादांच्या हातात फक्त एक तुरकाठी होती. त्यांनी आधी तोबऱ्यात हात घातला. “दिवसभर बांधून ठेवायची आणि वर एवढी चंदी? हरभरा कमी करा, कडबा वाढवा, पाय मोकळे करायला सोडा.” निम्मं औषध तिथेच झालं.

उरलेलं निम्मं रानात. ढेकळं फोडून भुसभुशीत केलेल्या जमिनीवर उस्ताद तिला कावा देऊ लागले. मधे स्वतः उभे, म्होरकीला पंचवीसेक फुटांचा दोर, आणि घोडी भोवती गोल. दोराच्या घड्या तळहातावर. मनगटाला वेढा कधीच नाही, कारण घोडी उधळली तर माणूस फरफटत जातो. घोड्याला कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं थोडं सोडलं तर जवळपास चहूबाजूंचं दिसतं, त्यामुळे माणसाचं अर्धं पाऊलही त्याला मोठं असतं. उस्ताद तिच्या पुठ्ठ्याच्या रेषेत आले की मैना पुढे निघे. खांद्याच्या पुढे सरकले की मंदावे. तुरकाठी नुसती दिशा दाखवायची.

पहिल्यांदा ती उधळली, लाथा झाडल्या, दोर ताणून बाहेर ओढू लागली. उस्तादांनी झटापट केली नाही. दोर जरा धरायचा, लगेच सोडायचा, आणि सोबत लांबलचक “होऽऽ”. बांधावरून आबा ओरडले, “उस्ताद, पळू द्या चांगली! दमली की येईल वठणीवर.”

“दमवून घोडी शांत होत नाही, आबासाहेब. दम वाढतो तिचा. उद्या याच्या दुप्पट पळेल. आणि गोल पळवून पाय जातात ते वेगळंच.”

मग तिचा आतल्या बाजूचा कान उस्तादांकडे वळला. बाहेरचा अजून बांधावरच्या बाभळीवर होता. उड्या थांबून दुडकी लागली. मान खाली आली, तोंडात काही नसताना जबडा चघळल्यासारखा हलला, आणि नाकातून लांब फुर्र झालं. त्याच क्षणी उस्तादांनी दोर सैल सोडला, तिला थांबवलं, मानेवर हात फिरवला.

“एवढंच?” आबा म्हणाले.

“एवढंच तर पाहिजे होतं.”

डाव्या अंगाने शिकलेलं उजव्या अंगाला ठाऊक नव्हतं. तिकडे श्रीगणेशा नव्याने. पुढे दोर माझ्या हाती आला, तेव्हा उस्ताद घोडीकडे कमी आणि माझ्या पायांकडे जास्त बघत. “बेटा, श्वास सोड. तू कोंडलास की तीही कोंडते.”

मैना शेवटपर्यंत भडकीच राहिली. ट्रॅक्टर समोर आला की अंग थरथरायचं. पण उधळण्याआधी एक कान माणसाकडे वळायचा. ‘होऽऽ’ ऐकू आलं की ती जागची हलायची नाही. आम्हाला एवढंच हवं होतं. तिचं पाणी काढून घ्यायचं नव्हतं. लग्नसराईत वरातीसाठी मागण्या येत. आबा आधी भाव विचारत, नंतर नंतर तोही विचारीनात. ढोलताशासमोर तिला नाचवणं म्हणजे ज्या गोष्टीची तिला भीती तीच तिच्या कपाळी मारणं, हे त्यांना उमगलं होतं. म्हातारपणी दात झिजले, तेव्हा बारीक कापून भिजवलेला कडबा आबा स्वतः हाताने कालवून तिच्यासमोर ठेवत.

तिचं शिंगरू कामाला लावायच्या वयाचं झालं तोवर उस्ताद नव्हते. तालुक्याहून एक तरुण आला. दोर खांद्यावर टाकत त्याने विचारलं, “चाबूक कुठाय?”

आबा बाजेवरून उठले. “चाबूक राहू दे बाजूला. रानात उभा राहा आधी. तुझे पाय कुठे पडतात ते बघू.”