वीणेचा पहारा

रब्बीची ज्वारी हुरड्यावर आली की भीमेच्या दोन्ही काठांवर सप्ताहांचे फलक लागतात. उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. सह्याद्रीवर ढग रिते होतात आणि इथवर येईतो त्यांच्यात फारसं काही उरत नाही. चासकमानचं पाणी, घोड धरणाचं पाणी, दौंडकडे खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी. ते पोचलं तिथे ऊस आणि गुऱ्हाळं, नाही पोचलं तिथे बाजरी आणि वाट पाहणं. अशा मुलखात माणसं वर्षातले सात दिवस देवळापुढच्या मांडवात बसतात, ते मला लहानपणापासून पाहून ठाऊक आहे. तिथे मी काय शिकले ते कळायला मात्र पन्नाशी यावी लागली.

सप्ताहाचा दिवस पहाटे काकड्याने उघडतो. मग ज्ञानेश्वरीचं पारायण, गाथा भजन, प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. या सगळ्याच्या मागे एक गोष्ट अखंड चालू असते, ती म्हणजे वीणा. पहिल्या दिवशी पूजा करून ती गळ्यात घेतात आणि काल्यापर्यंत खाली ठेवत नाहीत. फळ्यावर पहारेकऱ्यांची नावं खडूने लिहिलेली असतात. कुणी दूध घालून येतो, कुणी रांजणगावच्या कारखान्यातली पाळी संपवून येतो आणि आपल्या वेळेला वीणा घेऊन उभा राहतो. आमच्याकडे दुपारचे पहारे बायकांचे. त्यातला एक माझा.

आरंभी मन घरीच असतं. गॅस बंद केला का, मुलाचं शुल्क भरायची तारीख कोणती, कांद्याला पाणी कधी येणार. खांदा भरून येतो, पाय बदलावेसे वाटतात. तार छेडत राहायची आणि नाम घेत राहायचं, एवढंच काम. विचार थांबवा असं तिथे कुणी सांगत नाही. ते येतात, जातात, आणि केव्हातरी कान तारेला लागतो. त्या वेळी मी कुठे जात नाही, मला काही दिसत नाही. मी उभी असते तिथेच पूर्णपणे उभी असते, आणि हे सुख मला इतरत्र क्वचितच मिळालं आहे. मग पुढची बाई येते. वीणा तिच्या गळ्यात घालायची, तिने माझ्या पायांना हात लावायचा, मी तिच्या. वयाचा, जातीचा, घराचा विचार तिथे करायचा नसतो. माझी शांती मला अशी हातोहात मिळते आणि तशीच मी ती पुढे देते. एकट्याने कमावलेल्या शांतीबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. माझ्या वाट्याला आली ती पाळीपाळीने सांभाळलेली.

पारायणाला आमच्या आळीतली एक आजी माझ्या शेजारी बसायची. शाळा तिने पाहिली नव्हती. तरी समोर ग्रंथ उघडा ठेवायची आणि व्यासपीठावरून ओवी सुरू झाली की ओळीवरून बोट फिरवत राहायची. वर्षानुवर्षं ऐकून ओव्या तिला पाठ झालेल्या. मग पाठ असलेल्या शब्दावर बोट ठेवून ती अक्षरं ओळखू लागली. आधी 'देवा', मग 'अर्जुना', मग जोडाक्षरं. एका दुपारी तिने मला थांबवून विचारलं, "बाई, ही ओवी मला वाचता आली, पण हिचा अर्थ काय गं?" सहावा अध्याय चालू होता. मन वाऱ्यासारखं, ते आवरायचं कसं, हे अर्जुनाचं गाऱ्हाणं आणि अभ्यासाने आवरतं हे कृष्णाचं उत्तर. मी सांगितलं तसं तिने ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे रोज बसायचं." इतका नेमका अर्थ मला पुस्तकात सापडला नव्हता.

अध्यात्म आणि शिक्षण ही दोन वेगळी खाती आपण कधी केली, कोण जाणे. दौंडची गाडी पकडली की यवत, खुटबाव आणि मग केडगाव येतं. त्या स्टेशनावर उतरलं की या दोन खात्यांमधली भिंत मला पटेनाशी होते. कारण तिथे पंडिता रमाबाई राहिल्या.

जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतला, आणि त्या आईने मुलीला शिकवलं. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थांमागून तीर्थं पायी फिरलं. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. भावाबरोबर चालत चालत त्या कोलकात्याला पोचल्या आणि 1878 मध्ये तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले, कडेवर लेक मनोरमा. इंग्लंडमध्ये 1883 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि महाराष्ट्रातल्या पुष्कळांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. मुंबईत 1889 मध्ये काढलेलं शारदासदन पुण्यात आल्यावर तिथल्या मुली ख्रिस्ती होतात या वादात रानडे आणि भांडारकर यांनीही सल्लागारपद सोडलं. त्या वादात कोण किती बरोबर, यावर अजून लिहिलं जातं. मला ओढ आहे ती त्यानंतरच्या रमाबाईंची.

केडगावच्या माळावर त्यांनी जमीन घेतली होती. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी, टाकलेल्या मुली आणि विधवा घेऊन आल्या, आणि त्या माळावर मुक्तिसदन उभं राहिलं. आपले आईवडील आणि बहीण उपासमारीत हरवलेली बाई दुसऱ्या दुष्काळात पुन्हा त्याच भुकेच्या समोर जाते आणि शेकडो मुलींना घरी आणते. तिथे विहिरी खोदल्या, शेती केली, विणकाम आलं, छापखाना आला, आंधळ्या मुलींसाठी वेगळं सदन झालं. 1907 मध्ये त्यांनी आपल्या श्रद्धेच्या वाटेची साक्ष लिहिली. पण मला त्यांच्या मनाचा ठाव लागतो तो त्यांनी हाती घेतलेल्या शेवटच्या कामात. चाळिशी उलटल्यावर, एवढा संसार डोक्यावर असताना, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या. बायबल मूळ भाषांतून मराठीत आणायचं, आणि तेही सदनातल्या साध्या मुलीला कळेल अशा मराठीत. भागवताचे हजारो श्लोक लहानपणीच मुखोद्गत केलेली ही विदुषी पुन्हा मुळाक्षरांपाशी आली. वर्षानुवर्षं ते काम चाललं. मुक्तीतल्या मुली खिळे जुळवत होत्या, पानं छापत होत्या. 1921 मध्ये मनोरमा गेली. रमाबाई थांबल्या नाहीत. शेवटची मुद्रितं तपासून झाली आणि मग 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, असं सांगितलं जातं. ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला.

मी वारकरी घरातली. रमाबाईंचा देव माझ्या घरात नाही. तरीही मेजाशी बसलेली, एक परकं अक्षर ओळखून त्याला मराठी शब्द शोधणारी ती बाई मला आजीच्या बोटाशेजारी दिसते. दुःख विसरण्यासाठी त्या शिकत होत्या असं मला वाटत नाही. दुःखाला सोबत घेऊन बसता येईल असं आसन त्यांना शिकण्यात सापडलं होतं. ध्यान याहून वेगळं काय असतं?

त्याच केडगावात नारायण महाराजांचं दत्ताचं बेट आहे. मुक्तिसदनातली प्रार्थना आणि बेटातली आरती एकाच शिवारात. आषाढवारीला तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला येते, तेव्हा तिथलं गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतं. घरोघर भाकऱ्या थापल्या जातात. रात्रभर चुलीपुढे बसलेल्या बायकांनाही साधक म्हणावं, असं माझं मत आहे. आणि दौंडहून भीमा ओलांडून सिद्धटेकला गेलात, तर गाभाऱ्यात गणपतीचं दर्शन घेऊन परत फिरू नका. तिथे प्रदक्षिणा घालायची तर सगळ्या टेकडीला वळसा घालावा लागतो, काटेकुटे तुडवत, ऊन झेलत. तीही साधनाच.

शिरूरच्या बाजूला पाबळ आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईत मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात होते. ते सोडून 1983 मध्ये ते या कोरड्या गावात आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळेने नापास ठरवलेली मुलं तिथे वेल्डिंग करतात, माती तपासतात, घर बांधतात, आणि हाताने केलेल्या गोष्टीमागचं विज्ञान मग समजून घेतात. तिथे घंटा नाही, धूप नाही. पण जोड नीट बसला की नापास मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी मांडवातही पाहिलं आहे.

यंदाच्या सप्ताहाच्या बैठकीत मी एक मागणी ठेवली आहे. हरिपाठ आणि कीर्तन यांच्या मधे अर्धा तास, वाचलेल्या ओव्यांचा अर्थ विचारायला मोकळा असावा. ज्याला जे अडलं ते त्याने विचारावं, बायकांनीही, मुलांनीही. काहींचं म्हणणं, कार्यक्रम आधीच गच्च आहे, जेवणाच्या पंगती लांबतील. काहींना वाटतं, श्रद्धेच्या जागी शंका कशाला. बोलणं अजून चालू आहे. आजीने मात्र अध्यक्षांना घरी जाऊन सांगितलं आहे की तिच्याकडे सात प्रश्न तयार आहेत आणि पंगतीला ती शेवटी बसेल.